फुलपाखराची ओळख अळीपासून

उष्ण प्रदेशातल्या लहान फुलपाखरांना नावे देताना अभ्यासकांकडून दोन अगदी उलट प्रकारच्या चुका होत आल्या आहेत. कधी एकाच जातीला दोन नावे दिली गेली, तर कधी अनेक जाती एकाच नावाखाली दडून राहिल्या. पहिल्या प्रकारची चूक १८८६ साली कोलकात्यात प्रयोगाने दाखवून देण्यात आली. दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण २००४ साली मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या देशातून पुढे आले. या दोन घटनांमध्ये एकशेअठरा वर्षांचे अंतर आहे, साधनांमध्ये तर जमीन-अस्मानाचे. तरीही दोन्हीकडे खरी परिस्थिती उघड झाली ती एकाच कामातून: अळी शोधायची, तिला तिची पाने खाऊ घालायची आणि कोषातून फुलपाखरू बाहेर पडेपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवायचे. फुलपाखरांच्या वर्गीकरणाचा पाया या कष्टाच्या, सावकाश चालणाऱ्या कामावर असायला हवा. पंखांची नक्षी, सूक्ष्मदर्शकाखालची शरीररचना आणि डीएनए यांची साक्ष त्याच्या जोडीने तपासायला हवी, असे या लेखाचे म्हणणे आहे. यातला कुठलाही एक पुरावा एकटा उभा राहिला की तो फसवतो, हे गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

जगात फुलपाखरांच्या सुमारे अठरा हजार जाती ज्ञात आहेत. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या दोनच कुळांत मोडतात. एक कुळ निळ्या फुलपाखरांचे, म्हणजे शास्त्रीय भाषेत लायसीनिडी. दुसरे स्किपर किंवा चपळ फुलपाखरांचे, म्हणजे हेस्पेरिडी. दोन्ही कुळांतली बहुतेक फुलपाखरे लहान असतात आणि त्यांच्या जातींची सर्वाधिक गर्दी उष्ण प्रदेशांत आहे. मोठ्या, भडक रंगांच्या फुलपाखरांना ओळखणे तुलनेने सोपे जाते. तपकिरी अंगाच्या, नखाएवढ्या पंखांच्या फुलपाखरांत मात्र जातीजातींमधला फरक एखाद्या ठिपक्याच्या जागेपुरता उरतो आणि कधीकधी तोही नसतो. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत या जातींना नावे मिळाली ती बहुधा युरोपातल्या संग्रहालयांत. दूरच्या जंगलांतून टाचणीला लावलेले मृत नमुने पेटाऱ्यांतून तिथे जात. नमुन्याबरोबर गावाचे नाव आणि तारीख असली तरी पुष्कळ झाले असे मानले जाई. ते फुलपाखरू कोणत्या झाडावर वाढले, त्याची अळी कशी होती, त्याच ठिकाणी वर्षाच्या दुसऱ्या ऋतूत काय दिसते, याचा पत्ता नावे देणाऱ्याला नसे. त्याच्यापुढे होते ते फक्त पंख. म्हणून वर्गीकरणाची सुरुवातच पंखांवर भिस्त ठेवून झाली, आणि उष्ण प्रदेशात ही भिस्त सर्वांत कच्ची ठरली.

तिचा कच्चेपणा आपल्या मोसमी हवामानात फार ठळकपणे दिसतो. गवतावर वाढणारी अनेक तपकिरी फुलपाखरे पावसाळ्यात एक रूप धारण करतात आणि कोरड्या ऋतूत दुसरे. ‘इव्हिनिंग ब्राउन’ हे संध्याकाळी उडणारे फुलपाखरू आपल्याकडे सर्वत्र आढळते. पावसाळी पिढीत त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूवर डोळ्यांसारखे स्पष्ट ठिपके असतात. कोरड्या ऋतूतल्या पिढीत ते ठिपके पुसट होतात आणि पंख वाळलेल्या पानासारखा दिसतो. लिनियस यांनी १७५८ मध्ये याच जातीला ‘लेडा’ म्हटले. पुढे डच अभ्यासक क्रॅमर यांनी तिच्या कोरड्या ऋतूतल्या रूपाला ‘इस्मेने’ हे वेगळे नाव दिले. बुशब्राउन आणि रिंग या लहान फुलपाखरांच्या बाबतीतही असेच घडत गेले आणि एकेका जातीच्या ऋतुरूपांना स्वतंत्र नावे चिकटली. ही रूपे वेगळ्या जाती आहेत की एकच, यावर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंकडे पुरावा एकच होता: पेटीतले नमुने. कोलकात्यात राहणाऱ्या लायोनेल द नीसव्हिल यांनी तो वाद पेटीबाहेर काढला. त्यांनी तिथल्या तपकिरी फुलपाखरांच्या अळ्या वाढवल्या, कोणत्या ऋतूत कोणते रूप बाहेर पडते याची नोंद ठेवली आणि १८८६ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ते निष्कर्ष छापले. दोन नावांची फुलपाखरे एकाच वंशपरंपरेत जन्माला येत होती. अळी आणि कोष यांच्या अवस्थेत लाभलेले तापमान व दमटपणा यांमुळे शरीरातली संप्रेरके बदलतात आणि त्यानुसार पंखांची नक्षी ठरते, हे शास्त्राला पुढे कळले. परंतु ते कारण माहीत होण्याच्या कितीतरी आधी, केवळ अळ्या पाळून, जातींचा हिशेब नीट झाला होता.

पंख फसवतात हे कळल्यावर अभ्यासक शरीराच्या आतल्या रचनेकडे वळले. नराची जननांगे कठीण, गुंतागुंतीची आणि एकेका जातीत बरीच स्थिर असतात, म्हणून त्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तुलना सुरू झाली. या पद्धतीचे एक मोठे नाव भारताशी जोडलेले आहे. ब्रिटिश सैन्यातले अधिकारी विल्यम हॅरी इव्हान्स यांनी भारतीय फुलपाखरे ओळखण्याच्या किल्ल्या आधी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिल्या आणि १९२७ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. निवृत्तीनंतर लंडनच्या संग्रहालयात बसून त्यांनी जगभरच्या स्किपर फुलपाखरांच्या सूच्या तयार केल्या. त्यांतली अमेरिका खंडांची सूची १९५१ ते १९५५ या काळात निघाली. दुसरे उदाहरण व्लादिमिर नाबोकोव यांचे. पुढे ‘लोलिता’ या कादंबरीने जगप्रसिद्ध झालेले हे लेखक १९४०च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात फुलपाखरांच्या संग्रहाचे काम पाहत होते. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या लहान निळ्या फुलपाखरांची जननांगे तपासून १९४५ साली त्यांनी या गटाची नवी मांडणी केली आणि एक धाडसी अंदाज वर्तवला. या फुलपाखरांचे पूर्वज आशियातून बेरिंगच्या सामुद्रधुनीवाटे अमेरिकेत आले आणि तेही एकदम न येता पाच वेगवेगळ्या लाटांनी, असे त्यांचे म्हणणे होते.

नाबोकोव यांच्या अंदाजाचे पुढे जे झाले ते वर्गीकरणाची रीत समजून घ्यायला फार उपयोगी आहे. त्यांच्यापुढे नमुने थोडे होते आणि पुरावा एकाच प्रकारचा होता, त्यामुळे कित्येक दशके तो अंदाज अंदाजच राहिला. २०११ मध्ये हार्वर्डच्याच नाओमी पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फुलपाखरांच्या डीएनएवरून त्यांचा वंशवृक्ष काढला आणि पाच लाटांची कल्पना टिकली. शिवाय एक स्वतंत्र दुजोरा मिळाला. आधी आलेल्या गटांचे पूर्वज उबदार हवामान सोसणारे होते आणि नंतर आलेल्यांचे अधिकाधिक थंडी सोसणारे. बेरिंग प्रदेश गेल्या एक कोटी वर्षांत क्रमाने थंड होत गेला, त्याच्याशी हे तंतोतंत जुळते. यातून जननांगांचा पुरावा श्रेष्ठ ठरतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. नाबोकोव बरोबर होते हे आपण आज खात्रीने म्हणू शकतो, कारण एकमेकांवर अवलंबून नसलेले तीन पुरावे एकाच ठिकाणी येऊन मिळाले. वर्गीकरणातले प्रत्येक नाव आणि प्रत्येक नाते हे मुळात एक विधान असते. ते तपासता आले पाहिजे, आणि तपासणी ज्या पुराव्यावरून विधान केले त्याहून वेगळ्या पुराव्याने झाली पाहिजे.

आता कोस्टा रिकाचे उदाहरण. त्या देशाच्या वायव्य भागात गुआनाकास्ते हे मोठे संरक्षित क्षेत्र आहे, जिथे शुष्क पानझडी जंगल, ढगांत बुडालेले डोंगरी जंगल आणि सदाहरित वर्षावन एकमेकांना लागून आहेत. डॅनियल जॅन्झेन आणि विनी हॉलवॉक्स या दांपत्याने तिथे अनेक दशके जंगलातल्या अळ्या गोळा करून वाढवण्याचे काम चालवले. प्रत्येक अळी कोणत्या वनस्पतीवर, कोणत्या उंचीवर, कोणत्या तारखेला सापडली, ती दिसायला कशी होती आणि तिच्यातून काय बाहेर पडले, याची नोंद होत गेली. हे काम मुख्यतः आसपासच्या गावांतल्या, विद्यापीठाची पदवी नसलेल्या पण खास प्रशिक्षण घेतलेल्या स्त्री-पुरुषांनी केले. त्या जंगलात ‘अ‍ॅस्ट्राप्टेस फुल्गरेटर’ नावाचे एक स्किपर फुलपाखरू आहे: अंगावर निळी झळाळी, काळसर पंखांवर पांढरे पट्टे. १७७५ मध्ये त्याचे वर्णन झाले आणि टेक्सासपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत पसरलेली ही एकच जात आहे, असे सगळे मानत आले. आज तिला ‘टेलेगोनस’ या वंशात ठेवतात. गुआनाकास्तेमध्ये या एका ‘जाती’च्या अडीच हजारांहून अधिक अळ्या पाळल्या गेल्या, तेव्हा नोंदींमध्ये एक विसंगती साठत गेली. अळ्यांचे रंग आणि पट्टे वेगवेगळे होते आणि त्यांची विभागणी खाद्यवनस्पतींनुसार होती. एका झाडावरची अळी एका प्रकारची, दुसऱ्या झाडावरची दुसऱ्या प्रकारची. पण सगळ्यांतून बाहेर पडणारे फुलपाखरू जवळजवळ एकसारखे.

स्किपरचे तज्ज्ञ जॉन बर्न्स यांनी त्या फुलपाखरांची जननांगे तपासली तेव्हा त्यांत फरक आढळला नाही. इव्हान्स यांच्या काळापासून सर्वांत भरवशाची मानलेली कसोटीच इथे मुकी राहिली. मग कॅनडाचे पॉल हेबर्ट यांची पद्धत वापरण्यात आली. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधल्या एका ठराविक जनुकाचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि त्या तुकड्यातल्या फरकांवरून जाती ओळखायच्या, असे तिचे स्वरूप आहे. दुकानातल्या मालावरच्या पट्ट्यांवरून तिला डीएनए बारकोड म्हणतात. एकूण ४८४ फुलपाखरांचे बारकोड वाचले गेले आणि ते गटांत विभागले. हे गट अळ्यांचे रंग, खाद्यवनस्पती आणि जंगलाचा प्रकार यांच्या नोंदींशी जुळले. २००४ मध्ये या संशोधकांनी मिळून निष्कर्ष प्रसिद्ध केला की एका नावाखाली किमान दहा जाती आहेत. या जातींना तात्पुरती नावे दिली गेली तीही बहुतेक अळीच्या अन्नावरून. सेन्नावर वाढणारी एक, सेल्टिसवर वाढणारी दुसरी, ट्रायगोनियावर वाढणारी तिसरी, अशी. प्रौढ फुलपाखरात लपलेला फरक अळीने आयुष्यभर अंगावर वागवला होता. तो बारकोडने आकड्यांत आणला. शोध मात्र पाने खाणाऱ्या अळ्यांच्या नोंदवहीत आधीच लागला होता.

या निष्कर्षाला आव्हान मिळाले आणि ते गंभीर होते. अ‍ॅन्ड्र्यू ब्रॉवर यांनी २००६ मध्ये तीच माहिती पुन्हा तपासून मत मांडले की डीएनएच्या आधाराने किमान तीन आणि फार तर सात जाती मानता येतात. दहाचा दावा पुराव्याच्या पुढे जातो. काही गटांमधला फरक बारकोडच्या अगदी मोजक्या अक्षरांपुरता होता, ही त्यांची हरकत योग्य होती. औपचारिक वर्णन आणि लॅटिन नाव न देता जाती जाहीर करण्याच्या पद्धतीलाही त्यांचा विरोध होता, आणि २०१० मध्ये त्यांनी स्वतःच या गटांना रीतसर नावे देऊन ती उणीव भरून काढली. पण या वादातली एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. एकच जात आहे, या जुन्या मताकडे ब्रॉवरसुद्धा परतले नाहीत. वाद संख्येचा होता, आणि तो वाद शक्य झाला कारण प्रत्येक नमुन्यामागे अळीची, झाडाची आणि जागेची नोंद होती. फक्त बारकोड असते तर थोड्या अक्षरांच्या फरकाला अर्थ आहे की तो योगायोग आहे, हे ठरवायला दुसरा आधारच उरला नसता. २०१७ मध्ये गुआनाकास्तेतल्याच ‘युड्रॅनोमिया किक्कावाई’ या दुसऱ्या स्किपरच्या बाबतीत पेशीकेंद्रातला संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला. बारकोड आणि जीवनक्रम यांच्यावरून सुचलेल्या तीन जाती त्या कितीतरी मोठ्या पुराव्यातही तीनच दिसल्या. आक्षेप घेणाऱ्यांनी मागितलेली स्वतंत्र तपासणी अशी झाली आणि पद्धत तिला उतरली.

इथे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. डीएनए वाचणे दिवसेंदिवस स्वस्त आणि जलद होत असताना अळ्या पाळण्यात वर्षे का घालवायची? जंगलातून फुलपाखराचा एक पाय आणला की काम होत नाही का? अनेकदा होते, आणि ज्या जातींची नीट पायाभूत नोंद झालेली आहे त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. पण मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो, त्यामुळे त्याचा इतिहास हा त्या जातीच्या इतिहासाचा एकच धागा असतो. वोल्बाकिया नावाचे जिवाणू कीटकांच्या पेशीत राहून मादीमार्फत पसरतात आणि त्यांच्याबरोबर एखादा मायटोकॉन्ड्रिया सगळ्या जातीभर, प्रसंगी संकरातून दुसऱ्या जातीतही पसरू शकतो. शिवाय २००७ मध्ये पश्चिम आशियातल्या निळ्या फुलपाखरांच्या एका मोठ्या गटावर झालेल्या अभ्यासात एका जातीच्या आतले फरक आणि दोन जातींमधले फरक एकमेकांत मिसळलेले आढळले. दोन्हींमध्ये स्पष्ट सीमा नव्हतीच. म्हणजे बारकोड कधी जास्त जाती दाखवतो, कधी कमी. आपण कुठल्या बाजूला चुकत आहोत हे बारकोड स्वतः सांगू शकत नाही.

उलट बाजूनेही एक हरकत आहे आणि तीही टाळता येणार नाही. अळीचे अन्न वेगळे म्हणून जात वेगळी, हे तरी कशावरून? माणसांप्रमाणे अळ्याही मिळेल ते खात असतील. हे खरेच आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्या शेतात आहे. ‘पी ब्लू’ म्हणजे ‘लॅम्पिडीस बोएटिकस’ या निळ्या फुलपाखराची अळी तूर, वाटाणा, चवळी अशा कितीतरी शेंगांत शिरते. हे फुलपाखरू युरोप, आफ्रिका, आशिया ते ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेले आहे. पिकापिकानुसार त्याच्या वेगळ्या जाती मानणे चुकीचे होईल. म्हणून अन्नाचा फरक ही सिद्धता नसून शोधाची दिशा आहे. गुआनाकास्तेत अन्नाच्या जोडीला अळीचा रंग बदलत होता, जंगलाचा प्रकार बदलत होता आणि डीएनएही बदलत होता. एकाच परिसरात शेजारी शेजारी राहूनही हे चार फरक एकत्र बांधलेले राहिले, त्याअर्थी त्या गटांमध्ये सर्रास संकर होत नव्हता. जातीची कल्पना ज्यावर उभी आहे ती हीच गोष्ट. कोलकात्यात याच कसोटीने उलट उत्तर दिले होते: पंख वेगळे, पण पिढी एक. कसोटी एक असून ती दोन्ही दिशांना उत्तर देते, यातच तिचे बळ आहे.

सामान्य माणसाला या बारकाव्यांचा उपयोग काय, असे विचारणारेही असतात. उत्तर परजीवी माश्यांकडून मिळते. गुआनाकास्तेत अळ्यांच्या अंगात वाढणाऱ्या टॅकिनिड माश्यांच्या सोळा जाती अनेक प्रकारच्या अळ्यांवर चालणाऱ्या समजल्या जात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या सोळांमधून त्र्याहत्तर वेगळे वंशप्रवाह निघाले आणि त्यांतले बरेच ठराविक अळीलाच चिकटून राहणारे होते. अशाच माश्या किडींच्या जैविक नियंत्रणासाठी वापरतात. चुकीची जात सोडली तर किडीला धक्का लागत नाही आणि भलत्याच अळीचा बळी जातो. डाळिंबाचे फळ पोखरणारी अळी हीसुद्धा एका निळ्या फुलपाखराची, ‘ड्युडोरिक्स आयसोक्रेटीस’ची. त्याच वंशातली ‘एपिजार्बस’ ही जातही डाळिंबात शिरते. दोघांची अंडी घालण्याची वेळ, इतर खाद्यवनस्पती आणि शत्रू कोणते, हे जातवार माहीत असेल तरच बागायतदाराला दिलेला सल्ला योग्य ठरेल. संवर्धनाचेही तसेच आहे. टेक्सास ते अर्जेंटिना पसरलेल्या एका जातीची कुणाला काळजी वाटणार नाही. पण तिच्याच पोटात एका झाडावर आणि एका जंगलात जगणारी जात दडलेली असेल, तर ते जंगल तुटताच ती निघून जाईल आणि आपल्या यादीत एक आकडाही कमी होणार नाही.

हे सारे पश्चिम घाटाला थेट लागू पडते. या डोंगररांगांत फुलपाखरांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. २०२३ मध्ये तमिळनाडूतल्या मेघमलई डोंगरांतून ‘सिगारिटिस’ या सिल्व्हरलाइन फुलपाखरांच्या वंशात नव्या जातीचे वर्णन झाले. याचा अर्थ लहान फुलपाखरांची मोजदाद इथे अजून संपलेली नाही. कॅमेरे हातोहाती आल्यामुळे प्रौढ फुलपाखरांच्या छायाचित्रांचा आज महापूर आहे आणि त्याचा उपयोगही आहे. पण पंखांचे छायाचित्र आपल्याला पुन्हा तिथेच नेते जिथे एकोणिसाव्या शतकातले संग्रहालय अडकले होते. अळ्या आणि नमुने गोळा केल्याने निसर्गाची हानी होते, ही भीती अनेकांना वाटते. संरक्षित जाती आणि जंगले यांच्यासाठी वनखात्याची परवानगी लागते आणि ती शिस्त पाळलीच पाहिजे. मात्र एक फुलपाखरू शेकडो अंडी घालते, त्यांतली फारच थोडी जगतात. मोजक्या अळ्या नोंदीसह वाढवल्याने होणारे नुकसान एखाद्या सड्यावरची झुडपे साफ केल्याने होणाऱ्या नुकसानापुढे काहीच नाही. जैवविविधता कायद्यानुसार आपल्या गावोगावी जैवविविधता समित्या आहेत आणि लोकजैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या आहेत. त्यांतल्या फुलपाखरांच्या यादीसमोर अळी, खाद्यवनस्पती, ऋतू आणि ठिकाण हे चार रकाने जोडावेत, गावातल्या तरुण-तरुणींना ते भरण्याचे प्रशिक्षण आणि मेहनताना द्यावा, आणि प्रत्येक नोंदीमागचा नमुना संग्रहालयात व एक पाय प्रयोगशाळेत जावा. गुआनाकास्तेत हे काम शेतकरी आणि मजूर कुटुंबांतल्या माणसांनी करून दाखवले. सह्याद्रीच्या माणसांना आपली झाडे त्याहून कमी ठाऊक नाहीत.